मावशीच्या चर्चची पायरी चढू की नको?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

जालना जिल्ह्यात वाढलेल्या आणि आता छत्रपती संभाजीनगरच्या एका दवाखान्यात नर्स असलेल्या २७ वर्षांच्या वाचक भगिनीचं हे पत्र. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घर मूळचं सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) या प्रोटेस्टंट चर्चचं. त्या सहा वर्षांच्या असताना पप्पा एका छोट्या स्वतंत्र विश्वासी मंडळीत गेले आणि तिथं गेल्यावर त्यांची दारू सुटली. आई-पप्पांनी पाण्यात बुडून पुन्हा बाप्तिस्मा घेतला. घरातून टीव्ही गेला, आईच्या बांगड्या आणि मंगळसूत्र गेलं, नाताळ बंद झाला. आईची सख्खी बहीण वैजापूरकडच्या कॅथलिक घरात दिलेली. ‘मूर्तिपूजकांशी संगत नको’ म्हणून तिच्याकडे येणंजाणं तुटलं. आजीच्या मातीला मावशी आली, तेव्हा तिला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. शहरात आल्यावर या भगिनी घरी न सांगता मावशीकडे जाऊ लागल्या. एकदा न राहवून त्यांनी आईला एकटीला गाठून सांगितलं. आई रागावली नाही, एवढंच म्हणाली, “तिचे गुडघे कसे आहेत?”

आता मे महिन्यात मावसबहिणीचं लग्न आहे, चर्चमध्ये, मिस्सासह, म्हणजे कॅथलिकांच्या प्रभुभोजनाच्या उपासनेसह. तिनं यांना करवली म्हणून बोलावलंय आणि साक्षीदार म्हणून सही करायला सांगितलंय. पप्पांचं म्हणणं, “त्या चर्चची पायरी चढलीस तर प्रभूच्या मेजावर बसू नकोस.” म्हणजे मंडळीत प्रभुभोजनाची भाकर घ्यायची नाही. मंडळीच्या वडीलजनांचंही तेच. त्या लिहितात: “मावशी नरकात जाईल असं मला आता वाटत नाही. पण रात्री दचकून जाग येते. लहानपणी शाळेतून आल्यावर घरात कुणी दिसलं नाही की वाटायचं, प्रभू आला, सगळ्यांना घेऊन गेला आणि मी एकटीच मागं राहिले. ती भीती अजून जात नाही. मी विश्वासातून पडतेय का? आईबापाचा मान राखायचा तर जायचं नाही, आणि गेले तर घर तुटेल. कधी वाटतं, सरळ कॅथलिक व्हावं, निदान एका कुठल्या तरी बाजूची होईन.”

ताई,

लग्नाला जा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव धाकधुकीत राहायचा नाही. कसं जायचं आणि घरी काय सांगून जायचं, हे मात्र नीट बोलावं लागेल. शिवाय तुम्ही या एका लग्नावर आयुष्यातले बाकीचे सगळेच प्रश्न लादलेत, ते आधी वेगळे करावे लागतील.

मीही मराठवाड्यातल्या ख्रिस्ती घरातलीच. ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतांच्या पुस्तकातली गीतं म्हणत, संडे स्कूलला जात वाढलेली. ‘ते रोमन’ (म्हणजे कॅथलिक), ‘ते हॅलेलुयावाले’, ‘ते नावाचे ख्रिस्ती’ ही बोलणी आपल्यात घरोघर चालतात. एरवी कुणी मनावर घेत नाही, पण सोयरिकीच्या आणि मातीच्या वेळी ती किती लागतात हे मी जवळून पाहिलंय. तुमच्या मावशीचं वाचून मला राग आला. आईचं तोंड शेवटचं बघायला आलेल्या लेकीला पाणी न विचारणं, याला कुठल्याच मंडळीच्या शिकवणीत आधार सापडायचा नाही. पुढं मी तुमच्या पप्पांची बाजूही मांडणार आहे. ती वाचताना मी या गोष्टीवर पांघरूण घालतेय असं समजू नका.

पण त्याआधी आईकडे बघू या. तुमच्या पत्रात सगळीकडे ‘आई-पप्पा’ असं एकत्र आलंय. आई-पप्पांना वाटतं, आई-पप्पांनी ठरवलं, आई-पप्पा दुखावतील. आणि मधेच ती गुडघ्यांची ओळ. ताई, वीस वर्षं येणंजाणं नाही, तर मावशीचे गुडघे दुखतात हे आईला कळलं कुठून? कुणाकडून तरी ती बहिणीची खबर ठेवून आहे. तुम्ही चोरून जात होतात हे ऐकल्यावर तिला शास्त्रातलं वचन आठवलं नाही, मंडळी आठवली नाही, बहिणीचं दुखणं आठवलं. आईसुद्धा पप्पांसारखाच विचार करते हे तुम्ही धरून चाललात. मला ते तितकं खात्रीचं वाटत नाही. कदाचित तिनं नवऱ्याची दारू सुटल्याच्या बदल्यात बहीण सोडली असेल, आणि तो सौदा तिला कुणी विचारून झाला नसेल.

म्हणून पहिलं बोलणं आईशी. तिला तुमच्या बाजूला ओढायला नको, तिच्यावर तो भार टाकू नका. एखाद्या दुपारी दोघी भाजी निवडत बसाल तेव्हा तिच्या लहानपणाचं विचारा. दोघी बहिणी कुठं झोपायच्या, संडे स्कूलला काय घालून जायच्या, मावशीच्या लग्नात आई रडली होती का. बोलली तर ऐका. नाही बोलली तर तिथंच सोडा. लग्नाला तिनं यावं असा हट्ट धरू नका. पण तिला एवढं कळू द्या, की तुम्ही जाताय आणि तिचा काही निरोप असेल तर तो पोचवाल.

आता पप्पा. त्यांच्या आयुष्यात दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या, दारू सुटली आणि नियम आले. दारूनं घर कसं बसतं हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. ज्या माणसानं ते भोगलंय आणि जो त्यातून बाहेर आलाय, त्याच्या मनात त्या दोन गोष्टींची गाठ पक्की बसते. टीव्ही नाही, नाताळ नाही, रोमन नाही, बाटली नाही, सगळं एकाच दोरीत ओवलेलं. त्यातला एक मणी सुटला तर सगळेच ओघळतील ही त्यांची धास्ती आहे. ‘त्या चर्चची पायरी चढू नकोस’ असं ते म्हणतात, तेव्हा त्यांना भीती पुतळ्याची कमी आणि आपल्या जुन्या दिवसांची जास्त वाटत असावी. हा माझा अंदाज आहे. खरंखोटं तुम्ही घरात राहिलात, तुम्हाला जास्त कळेल. अंदाज बरोबर असेल तर वचनांचा वाद घालून काही हाती लागणार नाही. त्यांना एक गोष्ट तुमच्या तोंडून ऐकू द्या: “पप्पा, प्रभूनं तुम्हाला त्यातून सोडवलं, हे मी कधीच खोटं म्हणणार नाही. त्या दिवसांपासून आपलं घर उभं राहिलं, हे मला माहीत आहे.” हे मनापासून म्हणा, कारण ते खरं आहे. मग लग्नाचं सांगा.

आता तुमच्या मनातला खोलवरचा प्रश्न, ‘आमचीच मंडळी खरी’ हा. त्यात तुम्ही वाढलात, म्हणून तो देवानंच घालून दिल्यासारखा वाटतो. थोडा इतिहास सांगते, तो आपल्याच जिल्ह्यांतला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जालन्यात रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या वतीनं काम केलं आणि जवळच बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. ते प्रेस्बिटेरियन, प्रोटेस्टंटांतलाच एक पंथ. त्याच काळात औरंगाबादेत अँग्लिकनांच्या, म्हणजे इंग्लंडच्या चर्चवाल्यांच्या, चर्च मिशनरी सोसायटीचं काम चालू होतं, तिथं मूळचे पारशी असलेले रेव्ह. रतनजी नवरोजी होते. वैजापूर-गंगापूरच्या गावांत कॅथलिक फादर गेले. तिकडं बिदरच्या बाजूला अमेरिकन मेथडिस्ट. प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनी तर आपापसात समजुतीनं भाग वाटून घेतले होते, की एकाच्या मुलखात दुसऱ्यानं जायचं नाही. आपले पूर्वज बहुतेक गावकुसाबाहेरचे, दुष्काळानं आणि जातीनं पिचलेले. त्यांच्यापर्यंत ज्याची बैलगाडी पोचली, ज्यानं लेकराला पाटी-पेन्सिल दिली, आजाऱ्याला औषध दिलं, त्याचं चर्च त्यांचं झालं. तुमच्या पणजोबांनी कॅथलिकांची ट्रेंटची परिषद आणि प्रेस्बिटेरियनांचा वेस्टमिन्स्टरचा विश्वासकबुलीजबाब शेजारी ठेवून निवड केली नव्हती. मावशीच्या सासरच्यांनीही नाही. दोन घरांत जी भिंत उभी आहे तिची पहिली वीट कुठल्या साहेबाचा तळ कुठल्या गावाला पडला, यावर ठरली.

याचा अर्थ फरक खोटे आहेत असा नाही. पोपचा अधिकार, मरियेचं स्थान, बाप्तिस्मा लेकराला द्यावा की जाणत्याला, यांवर लोकांनी विचार करून वेगवेगळी मतं धरली आणि त्यासाठी जीवही दिले. तुम्हाला त्यातलं एखादं मत पटत असेल तर ते धरा. पण मत वेगळं असणं आणि समोरचा नरकात जाणं यांत मोठं अंतर आहे, आणि ते अंतर चर्चेसनी स्वतःच मान्य केलंय. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात अँग्लिकन होते, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल परंपरेचं संयुक्त चर्च होतं, बॅप्टिस्ट होते, ब्रदरेन होते. म्हणजे लेकरांना बाप्तिस्मा देणारे आणि ‘जाणत्यालाच द्यायचा’ म्हणणारे, दोघं एका चर्चमध्ये आले आणि दोन्ही पद्धती चालतील असं ठरलं. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट शेवटच्या घटकेला बाहेर राहिले, पण त्यामुळं कुणी त्यांना पाणी विचारायचं सोडलं नाही. तुमच्या आजीचं चर्च हे असं जुळून आलेलं आहे. ज्याला तुमच्या मंडळीत ‘मेलेलं चर्च’ म्हणत असतील, त्यानं बाप्तिस्म्याचा तोच वाद, ज्यापायी तुमच्या आई-पप्पांना पुन्हा पाण्यात उतरावं लागलं, माणसं न तोडता मिटवला होता.

दुसरी बाजूही स्वच्छ होती असं समजू नका. १९१७ च्या कॅथलिक कायद्यात प्रोटेस्टंट उपासनेत भाग घ्यायला मनाई होती. लग्नाला किंवा मातीला नुसतं हजर राहायचं तरी सबळ कारण लागे. तुमचे पप्पा आज जे म्हणतात, तेच तेव्हा कॅथलिक घरातला बाप म्हणत होता. पुढं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ मध्ये ख्रिस्ती ऐक्यावर ठराव केला, इतर चर्चच्या लोकांचा बाप्तिस्मा मानला, त्यांना विभक्त झालेले का होईना पण बंधू म्हटलं. आणि ज्या मुद्द्यावर मार्टिन लूथरच्या काळात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांचं फाटलं, माणूस देवापुढं नीतिमान कशानं ठरतो, त्यावर कॅथलिक आणि लूथरन चर्चेसनी ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्गमध्ये एकत्र सही केली. जगातल्या मोठमोठ्या धर्मपंडितांना जे जमलं ते मराठवाड्यातल्या दोन बहिणींना जमू नये, याचं मला वाईट वाटतं. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्रात ख्रिस्ती १०.८ लाख, शंभरात एकसुद्धा नाही. त्यातले पुष्कळ मुंबई-वसईकडचे. आपल्याकडे तर ख्रिस्ती घर शोधावं लागतं. त्यात आपण एकमेकांच्या मातीला जायचं नाही म्हणतो.

वचनांचं थोडं सांगते, वाद घालण्यासाठी नाही, तुमच्या स्वतःच्या मनासाठी. पप्पांच्या तोंडी बहुधा ‘त्यांच्यामधून निघा आणि वेगळे व्हा’ हे असेल. ते करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रातलं, सहाव्या अध्यायातलं. तिथं पौल ख्रिस्तावर विश्वास न ठेवणाऱ्यांबद्दल आणि करिंथातल्या देवळांबद्दल बोलतोय, दुसऱ्या मंडळीतल्या ख्रिस्ती बहिणीबद्दल नाही. त्याच करिंथकरांना पहिल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात तो रागे भरतो, की तुमच्यात कुणी म्हणतो मी पौलाचा, कुणी अपुल्लोसाचा, कुणी केफाचा. मार्काच्या नवव्या अध्यायात योहान तक्रार घेऊन येतो, एक माणूस तुझ्या नावानं भुतं काढत होता, तो आपल्यातला नाही म्हणून आम्ही त्याला मना केलं. येशू म्हणतो, मना करू नका. आणि रोमकरांचा चौदावा अध्याय सावकाश वाचा. एकजण सगळं खातो, एकजण फक्त भाजीपाला, एकजण दिवस पाळतो, एकजण पाळत नाही, आणि पौल दोघांनाही सांगतो की एकमेकांना तुच्छ लेखू नका. हा अध्याय तुम्हालाही लागू आहे बरं का. पप्पांनी नाताळ न पाळणं, आईनं बांगड्या न घालणं, हे त्यांनी प्रभूसाठी केलंय. तुम्ही उद्या हातात बांगड्या घातल्यात तरी आईच्या मोकळ्या हातांना हसू नका.

‘मी विश्वासातून पडतेय का?’ असं तुम्ही विचारलंत. पंडिता रमाबाईंचं सांगते. कदाचित तुमच्या मंडळीतही त्यांचं नाव आदरानं घेत असतील, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली झालेल्या जागृतीमुळं. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला अँग्लिकन सिस्टर्सकडे झाला. ज्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्माच्या आई झाल्या, त्यांच्याशीच पुढं त्यांचे खटके उडाले. चर्च सांगेल ते सगळं जसंच्या तसं मान्य कर, असा आग्रह होता. रमाबाईंनी पत्रात कळवलं त्याचा आशय असा, की पुरोहितांच्या एका जोखडातून मी मोठ्या कष्टानं सुटलेय, आता तसंच दुसरं मानेवर घेणार नाही. तेव्हा त्यांना हट्टी म्हणणारे होते, गर्विष्ठ म्हणणारेही होते. त्यांनी ख्रिस्त सोडला नाही. मुक्ती उभारली, आणि मूळ हिब्रू-ग्रीक शिकून बायबल मराठीत आणायला आयुष्याची शेवटची वर्षं दिली. रेव्ह. ना. वा. टिळकांनीही १९१७ मध्ये अमेरिकन मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला. घरच्या नाहीतर मिशनच्या धाकातून बाहेर पडलेली आणि तरी प्रभूला धरून राहिलेली माणसं आपल्या मराठी ख्रिस्ती घराण्यात पहिल्यापासून आहेत. तुम्ही त्यांच्या पंगतीत बसताय.

रात्रीच्या भीतीचं मात्र इतिहासानं भागणार नाही. येशू परत येईल तेव्हा खऱ्या विश्वासूंना उचलून नेईल, ही शिकवण ऐकत वाढायचं आणि मग रिकामं घर बघून, प्रभू सगळ्यांना घेऊन गेला असं वाटणं, हे विश्वासी घरांत वाढलेल्या कितीतरी जणांना ठाऊक आहे, कुणी बोलत नाही एवढंच. सात-आठ वर्षांचं लेकरू दप्तर पाठीवर घेऊन दारात उभं आहे, चूल विझलेली आहे, हाक मारली तर ओ येत नाही, आणि त्याला वाटतंय की आपण सकाळी खोटं बोललो म्हणून मागं राहिलो. आई शेजारी पीठ आणायला गेलेली असते. ती परत येईपर्यंतची ती पाच-दहा मिनिटं अंगात मुरून बसतात. तुम्ही नर्स आहात, धक्का बसलेलं शरीर किती काळ दचकत राहतं हे रोज बघता. रात्रीची ती जाग म्हणजे पवित्र आत्म्याचा इशारा समजू नका. लहानपणीची भीती पुन्हा उठून बसतेय. जाग आली की दिवा लावा, पाणी प्या, पाय जमिनीवर टेका, उजेडात वाचलेली एखादी स्तोत्रसंहितेतली ओळ म्हणा, आणि तेव्हा काहीही ठरवू नका. विश्वासाचे निर्णय पहाटे तीनला घ्यायचे नाहीत. झोप आठवड्यातून तीन-चार रात्री जात असेल, ड्युटीवर हात थरथरत असेल, तर समुपदेशकाकडे जा. सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, तिथं मराठीतून बोलता येतं. प्रार्थना कमी पडली म्हणून जावं लागलं, असं मनात आणू नका.

आता लग्नाचा दिवस. तिथं काय होईल हे आधी माहीत असलं की धास्ती निम्मी होते. मिस्सा असेल तर लोक उभे राहतील, बसतील, गुडघे टेकतील. उभं राहणं-बसणं सगळ्यांबरोबर करा, गुडघे टेकायचे नसतील तर नुसतं बसून राहा, कुणी काही म्हणणार नाही. क्रुसाची खूण करायचीच असं नाही. प्रभुभोजनाच्या वेळी लोक पुढं जातील, तुम्ही जागेवर बसा. कॅथलिक चर्चमध्ये ते साधारणपणे कॅथलिकांनाच देतात, त्यामुळं तुमची पंचाईत होणार नाही. साक्षीदार म्हणून सही करायला कॅथलिक असावं लागत नाही, दोन साक्षीदार लागतात, बस्स. सही केल्यानं तुम्ही त्या चर्चच्या होत नाही. या दोघांनी माझ्यासमोर लग्न केलं, एवढंच त्या सहीचं म्हणणं. पुढं मावसबहिणीच्या लेकराची धर्ममाता व्हायचा प्रश्न आला तर मात्र नियम वेगळे आहेत, ते तेव्हा तिथल्या फादरना विचारा. मरियेच्या पुतळ्याचं मनाला लागत असेल तर एवढं माहीत असू द्या, की ७८७ च्या निकियाच्या परिषदेनं आराधना फक्त देवाची आणि प्रतिमांना केवळ सन्मान, असा फरक घालून दिलाय. तो तुम्हाला पटो न पटो, ते लोक स्वतःला मूर्तिपूजक मानत नाहीत. हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरियेच्या, यात्रेला पायी जाणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी कुणालाही विचारून बघा, मरिया देव आहे का. तुम्हीच खुळ्या ठराल.

घरी आधी सांगून जा. फोटो कुणाच्या तरी मोबाइलवरून पप्पांपर्यंत पोचण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळू दे. परवानगी मागू नका, २७ व्या वर्षी परवानगी मागितली की नकार पाळावा लागतो, आणि मग मोडावा लागतो. “मी मावसबहिणीच्या लग्नाला जाणार आहे, सही करणार आहे. मी चर्च बदलत नाहीये. तुम्हाला वाईट वाटेल हे मला माहीत आहे,” एवढं शांतपणे. पप्पांनी आवाज चढवला तर उत्तर देऊ नका, उठून आईला चहाला मदत करा. घरी पैसे पाठवत असाल तर त्यात एक रुपयाही कमी करू नका, आणि बोलताना पैशाचा उल्लेखही नको. आईबापाचा मान राखण्याची जी आज्ञा आहे ती अशानं पाळली जाते. लेकरानं बापाची दुष्मनी पुढं चालवावी असं त्या आज्ञेत नाही.

वडीलजन तुम्हाला प्रभूच्या मेजावरून थांबवतील. बहुधा थांबवतीलच, आणि त्याचं तुम्हाला जेवढं वाटतंय त्याहून जास्त दुखेल. ज्या मंडळीत लहानपणापासून गायलात, ज्या बायकांनी तुमच्या दहावीच्या परीक्षेसाठी उपास केले, त्यांच्यासमोर भाकरीचं ताट पुढं सरकून जाणं सोपं नाही. रडा. पण मनात नसलेल्या माफीनाम्यावर सही करू नका. विचारा, नम्रपणे, की माझ्या हातून नेमकं काय पाप झालं ते शास्त्रातून दाखवा. उत्तर मिळालं तर घरी येऊन वाचा, नाही मिळालं तर तेही कळलं. तोवर त्या मंडळीला उपासनेला जायचं की नाही हे तुमच्या जिवाला काय सोसतं यावर ठरवा. चार रविवार न जाणं म्हणजे कायमचं सोडणं नव्हे.

आणि कॅथलिक होण्याचं आत्ता काढू नका. कॅथलिक होणं वाईट म्हणून नव्हे. ‘निदान एका बाजूची होईन’ असं तुम्ही लिहिलंय, आणि कुठल्याही चर्चमध्ये जायला हे कारण पुरेसं नाही. एका घरच्या दडपणातून निघून दुसऱ्या घरच्या मायेत पडायचं हे होतं असं, माया खरी असते म्हणून तर कळत नाही. मावशीकडचेही प्रेमापोटी म्हणतील, “आता आमच्यातच ये.” हसून पुढच्या वर्षीचं बोला. निदान एक वर्ष कुठंच नाव घालू नका. वेगवेगळ्या ठिकाणी बसून बघा, आजीच्या सीएनआयमध्येही. एखादी म्हातारी पाळकीणबाई, एखादी सिस्टर, तुमच्यासारख्याच घरातून बाहेर पडलेली आणि तरी घरच्यांना शिव्या न देणारी एखादी मैत्रीण, अशी दोन-तीन माणसं शोधा. फक्त चिडलेल्यांच्यात बसू नका, तिथं सुरुवातीला बरं वाटतं आणि मग आपणही दुसऱ्यांना ‘ते’ म्हणायला लागतो. वर्षानंतरही कॅथलिक व्हावंसं वाटलं तर व्हा, पुन्हा बाप्तिस्म्याची गरज पडणार नाही. आहात तिथंच राहावंसं वाटलं तरी राहा.

तुमच्यासारखी पत्रं मला नेहमी येतात असं नाही, पण तुमच्यासारखी माणसं भेटतात, म्हणून इतर वाचकांसाठी दोन ओळी. ज्यांच्या घरात एखादी सून किंवा भाची अशा कडक मंडळीतून आली असेल, त्यांनी तिच्या आईबापाची टिंगल तिच्यासमोर करू नये. तिनं हसून साजरं केलं तरी ते तिला लागतं. आणि जे आईबाप लेकरांना विश्वासात वाढवताहेत त्यांनी येशूच्या पुनरागमनाचं जरूर शिकवावं, पण शाळेतून यायच्या वेळी घरी कुणी नसेल तर दारावर चिठ्ठी लावून जावं.

एक राहिलं. तुमच्या पत्रात धाकट्या भावाचा उल्लेख एकदाच आलाय, तो दहावीला आहे आणि पप्पांबरोबर रस्त्यावर पत्रकं वाटायला जातो. त्याला आत्ता काही समजवायला जाऊ नका. तुम्ही लग्नाहून आल्यावर त्याच्या कानावर बरंच काही येईल, तुम्ही पडलात, वाहवलात वगैरे. तो तुमच्याशी बोलायचं टाळेलही. तुम्ही त्याला आधी करत होतात तसाच फोन करत राहा, गणिताचं विचारा, परीक्षा संपल्यावर शहरात बोलवा, आणि लग्नातला एक लाडू त्याच्यासाठी आणा. खायचा की नाही ते त्याला ठरवू दे.